वेबपत्त्यातील टक्केचिन्हांचा उलगडा

दस्तऐवजांच्या एका सूचीसाठी मी शोधाच्या लिंक तयार करत होतो. पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढे शीर्षक जसेच्या तसे जोडायचे, ही माझी पद्धत बरेच दिवस निभावली. मग ‘माती & पाणी’ची लिंक उघडली, तर शोध फक्त ‘माती’चा झाला. पत्त्याच्या या भागात & म्हणजे एक घटक संपून दुसरा सुरू झाल्याची खूण, म्हणून सर्व्हरने ‘पाणी’ हा वेगळाच घटक मानला होता. ‘अहवाल #७’ची गत त्याहून वाईट झाली, कारण # आणि त्यापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, सर्व्हरच्या नोंदींत त्या ७ चा मागमूसही नव्हता.

अखेर जानेवारी २००५ मधला ‘आरएफसी ३९८६’ हा वेबपत्ते कसे लिहायचे ते सांगणारा मानक दस्तऐवज वाचायला घेतला. इंग्रजी अक्षरे, अंक, हायफन, टिंब, अंडरस्कोर आणि टिल्डे (~) अशी ६६ चिन्हे पत्त्यात कुठेही निर्धोक असतात; & किंवा # मजकुराचा भाग म्हणून हवे असेल, तर % आणि त्यापुढे षोडशमान (० ते ९ आणि A ते F अशा सोळा चिन्हांच्या) पद्धतीचे दोन अंक लिहायचे. त्यामुळे & चे %२६, # चे %२३ आणि मोकळ्या जागेचे %२० होते. ‘मराठी’ हा शब्द मी कागदावर सोडवून पाहिला: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी ही पाच चिन्हे, यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे १५, आणि प्रत्येक बाइटसाठी तीन खुणा, म्हणजे ४५. मराठी पत्ता कॉपी केल्यावर एवढा लांबलचक का होतो, हे तेव्हा नीट कळले, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

उत्साहाच्या भरात मी संपूर्ण पत्ताच एन्कोड केला, म्हणजे त्यातली चिन्हे अशा %च्या रूपात बदलली. त्यात अपूर्णविराम (:) आणि तिरप्या रेघाही (/) बदलल्या आणि लिंक निकामी झाली. एन्कोड करायचे ते फक्त आत घालायचे मूल्य. ते सुधारले, तरी पानावर शब्दांच्या मध्ये %२० दिसू लागले. माझ्या कोडनंतर त्यात वापरलेली लायब्ररीही (तयार कोडचा संच) तेच काम पुन्हा करत होती: % चे %२५ होऊन %२० चे %२५२० बनत होते, आणि सर्व्हर एकदाच उलगडत असल्याने %२० शिल्लक राहत होते. आता शीर्षके मूळ रूपातच साठवतो आणि लिंक जोडताना एकदाच एन्कोड करतो. ‘सी++’ हे शीर्षक मात्र चाचणीत मुद्दाम ठेवले आहे, कारण वेबपानावरील फॉर्मच्या पद्धतीत + म्हणजे मोकळी जागा, आणि एन्कोड करायचे राहिले की त्याचे नुसते ‘सी’ उरते.