सातपूरचा ‘पू’ आणि इगतपुरीचा ‘पु’

दुसरीच्या वर्गात श्रुतलेखन घेताना मी एकदा ‘सातपूर’ आणि ‘इगतपुरी’ हे शब्द लागोपाठ सांगितले, आणि बहुतेक वह्यांत दोन्हीकडे पहिलाच उकार आला. सवयीप्रमाणे मी ‘सातपुर’भोवती लाल गोल केले. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या आईने नम्रपणे विचारले, “बाई, मराठीत जसे बोलतो तसेच लिहितो ना? मग तिचे चुकले कुठे?” “नियमच तसा आहे,” हे माझे उत्तर मला स्वतःलाच पटले नाही.

नियम आहे, हे खरे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनुसार गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहायचा असतो. पण सात वर्षांच्या मुलाला नियमापेक्षा जोडी लवकर कळते. म्हणून मी फळ्यावर फूल–फुले, मूल–मुले, वीट–विटा, सून–सुना अशा जोड्या लिहिल्या आणि मुलांना त्या मोठ्याने, टाळी वाजवत म्हणायला लावल्या. ‘फूल’ एका टाळीत संपते, त्यामुळे ‘फू’ ऐसपैस लांबतो. ‘फुले’ म्हणताना दुसरी टाळी ‘ले’वर पडते आणि ‘फु’ आखडतो. मग त्याच फळ्यावर ‘सातपूर’ आणि ‘इगतपुरी’ लिहिले, तेव्हा शेवटी ‘री’ आल्यामुळे ‘पू’चा ‘पु’ झाला, हे मुलांनीच सांगितले. (गुण, विष यांसारखे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द या टाळीला जुमानत नाहीत, ते मी तिसरीच्या बाईंसाठी ठेवले आहेत, याबद्दल त्यांची क्षमा मागते.)

या प्रसंगानंतर बसच्या पाट्या हेच माझे वाचनपाठ झाले. अनुस्वार शिकवायला तर नाशिकसारखा जिल्हा नाही. गंगापूर, पंचवटी, दिंडोरी, चांदवड, अंबड ही पाच नावे सावकाश म्हटली, की एकच टिंब पाच वेगळ्या जागी उच्चारले जाते हे जिभेलाच कळते: ‘गंगापूर’मध्ये ते घशाजवळ असते आणि ‘अंबड’मध्ये ओठ मिटतात. टिंबाच्या पुढचे अक्षर क, च, ट, त, प यांपैकी ज्या वर्गातले, त्या वर्गाचे अनुनासिक म्हणायचे, हे सूत्र मी न सांगताही मुले पाळत होती. मला फक्त त्यांचे लक्ष स्वतःच्या तोंडाकडे वेधायचे होते.

लिपी आणि उच्चार यांच्यातील खरी फट मात्र व्यंजनात दडलेल्या ‘अ’ची आहे. बाराखडी पाठ असलेले मूल ‘चां-द-व-ड’ असे चार पूर्ण अक्षरांत वाचते आणि रोज ऐकलेले गाव त्याला ओळखू येत नाही, कारण बोलताना आपण ‘चान्द्-वड्’ म्हणतो. अशा मुलाला “नीट वाच” म्हणणे अन्यायाचे आहे. ते नीटच वाचत असते. त्याला तोच शब्द तीन वेळा, दर वेळी थोडा भरभर म्हणायला लावावा. तिसऱ्या वेळी चेहरा उजळतो. ‘च’ची गत आणखी मजेशीर आहे: ‘चिंच’ या शब्दात एकच अक्षर दोनदा येते आणि दोन्ही वेळा वेगळे ऐकू येते.

इंग्रजीच्या तासाला हीच मुले निराळ्या अडचणीत सापडतात. आपल्याकडे ‘क’चे नाव आणि आवाज एकच, तिकडे अक्षराचे नाव ‘सी’ आणि ‘कॅप’मध्ये आवाज ‘क्’. म्हणून मी आधी आवाज आणि मागाहून नाव शिकवते. ‘कॅप’च्या शेवटी न उच्चारले जाणारे ‘ई’ अक्षर लावले की ‘केप’ होतो, हे दाखवल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हे फूल–फुलेसारखेच!” तंतोतंत तसे नाही, कारण मराठीतला शेवटचा स्वर आपण उच्चारतो, पण शेवटचे अक्षर मागच्या स्वराला बदलते, एवढे त्याने बरोबर हेरले होते.

सध्या आम्ही ‘र’पाशी अडकलो आहोत. दर्या आणि दऱ्या यांतला फरक ब्रह्मगिरीचे चित्र काढून सुटला. ‘त्र्यंबक’ अजून सुटलेला नाही. ‘य’ दिसतो, अनुस्वार दिसतो, पण ‘र’ कुठे गेला, हे शोधण्यासाठी चार मुले आज मधल्या सुट्टीतही फळ्याजवळून हलली नाहीत.