गळती

आमच्या फार्गो ट्रकच्या डॅशबोर्डवर पाच मीटर. वेगाचा काटा केबल तुटली त्या दिवसापासून शून्यावर निजलेला. डिझेलचा काटा कायम पाऊण टाकीवर. तापमानाचा काटा पौषातल्यासारखा गारठून तळाशी, आणि ऑइल प्रेशरचा काटा इंजिन बंद असतानाही वीस पौंड दाखवणार. राहता राहिला अँपिअरचा मीटर. त्याचं शून्य मधोमध असतं. काटा उजवीकडे गेला की बॅटरी भरतेय, डावीकडे गेला की खाली होतेय. आमचा काटा शून्यापासून केसभर डावीकडे उभा असायचा. वयानं वाकला असेल, असं समजून आम्ही त्याच्याकडे बघणंच सोडलं होतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातल्या एकाचीही गरज नव्हती. डिझेल मोजायला सीटमागे बांबूची एक काठी असे, तिच्यावर विळ्यानं पाडलेल्या खाचा. कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन तापलं की त्यांना वासावरून कळायचं. वेग तर काय, लासलगावचा कांदा भरल्यावर फार्गोला एकच वेग उरायचा. गाडी 1968 ची, पर्किन्सच्या डिझेल इंजिनाची. मालेगाव तालुक्यात 1933 साली रावळगावचा कारखाना काढणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, आणि पुढे कुर्ल्यात क्रायसलरच्या डॉज आणि फार्गो गाड्या तयार होऊ लागल्या. त्यामुळे रावळगावची गोळी आणि आपला ट्रक चुलतभाऊ, असं अण्णा सांगायचे आणि क्लीनरला पगाराऐवजी गोळी देऊ करायचे.

अण्णा गेल्यावर गाडी नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या आमच्या शेडमध्येच उभी आहे. विकायची म्हटलं की आई जेवणाचं ताट सरकवून उठते. मिरवायची सोयही नाही. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजचा मान देणारे नियम आले, पण ते खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी. जन्मभर कांदे वाहिलेल्याला तिथे कोण विचारतो. मी आपला दर रविवारी गाडी सुरू करतो, दहा मिनिटं धडधडू देतो, दसऱ्याला झेंडूचा हार घालतो. निदान तसं ठरवलं होतं. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. बॅटरी बसलेली. चार्ज करून आणली, पुन्हा बसली. नवी घेतली, तीही पंधरवड्यात गपगार.

द्वारका चौकापलीकडे एक उस्ताद आहेत. जुन्या गाड्यांची वायरिंग करणारे आता फारसे उरले नाहीत, आणि जे उरलेत ते आधी नाही म्हणतात. उस्तादही आधी नाही म्हणाले. मग चहा झाला. मग शेडमध्ये येऊन डॅशबोर्डाखाली आडवे झाले, टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

“भाऊ,” आतून आवाज आला, “ही गाडी वायरवर नाही, टेपवर चालत होती.”

पुढचे चार दिवस मी शाळेतून रजा काढून त्यांच्या हाताखाली पाने देत होतो, आणि हे मला कबूल केलं पाहिजे की शेडमध्ये अण्णांबरोबर इतका वेळ मी कधी घालवला नव्हता. एक पिवळी वायर निघायची, हातभर जाऊन हिरवी व्हायची, तिथून पुढे घरातल्या बेलची पांढरी. प्रत्येक जोड म्हणजे कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला, बहुधा रात्री, हाताला लागेल त्या वायरीनं केलेली सुटका. एका फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. ती बघून उस्तादांनी कानाला हात लावला. फ्यूजनं वेळेला जळायचं असतं. चांदी जळत नाही, मग वायर जळते. एका ठिकाणी वायरीचं वेष्टण खरंच करपून काळं पडलं होतं. म्हणजे एकदा तरी अण्णा थोडक्यात वाचले होते आणि घरी येऊन बोलले नव्हते.

जुनं सगळं उपटलं. नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, ओढला, टोकांना थिंबलच्या धातूच्या टोप्या दाबून वर स्लीव्ह चढवले. हेडलाइटला रिले लावले, म्हणजे दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डावरच्या बटणातून फिरत नाही. बटण फक्त रिलेला इशारा देतं आणि जाड वायर बॅटरीकडून परस्पर दिव्याकडे जाते. पूर्वी रात्री ते बटण हाताला चटका देई, त्याचं कारण हेच. चासी, इंजिन आणि मीटरपॅनेल यांची अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, स्वतंत्र पट्ट्यांनी जोडली. “अर्धे रोग अर्थचे असतात,” उस्ताद म्हणाले, “आणि लोक बल्ब बदलत बसतात.” बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्या जागी अल्टरनेटर बसवला. डायनॅमो इंजिन मंद असताना जेमतेम काही देतो, आणि आमची गाडी तर आता मंदच चालणार.

अल्टरनेटर आला तसा अँपिअरमीटर गेला. त्या मीटरमध्ये सेल्फ सोडून गाडीचा जवळजवळ सगळा करंट आत शिरून बाहेर पडतो. त्याच्या मागचा एक नट ढिला झाला तरी तिथे ठिणगी, आणि नवा अल्टरनेटर जुन्याच्या दुप्पट करंट ढकलणारा. त्याऐवजी व्होल्टमीटर लावला. तो बाजूला उभा राहून फक्त बघतो. बॅटरी विश्रांतीत असेल तर साडेबारा व्होल्ट, चार्ज होत असेल तर चौदाच्या आसपास. जुना मीटर उस्तादांनी भंगाराच्या डब्यात टाकला.

डिझेलच्या मीटरनं मात्र आमची शोभा केली. नवा मीटर, पण टाकीत डिझेलवर तरंगून त्याला पातळी कळवणारा फ्लोट जुनाच. नाक्यावरच्या पंपावर डिझेल भरत होतो आणि आकडा वाढेल तसा काटा खाली येत होता. टाकी भरली तेव्हा मीटर म्हणाला, रिकामी. पंपावरचा पोऱ्या माझ्याकडे बघून “काका, टाकीला भोक आहे का?” काही फ्लोट टाकी भरताना विजेचा रोध वाढवतात, काही कमी करतात, मीटर आणि फ्लोट एका घराण्यातले नसले की सगळं उलटं. मीटर बदलून आणेपर्यंत दोन दिवस बांबूच वापरला.

एवढं होऊनही पंधरा दिवसांनी व्होल्टमीटर साडेअकरावर आला.

उस्ताद तोंड पाडून आले. बॅटरीची वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर जोडला. किल्ली काढलेली, सगळं बंद, आणि तरी 0.4 अँपिअर कुठे तरी चाललेले. एकेक फ्यूज उपसला. 0.4. हॉर्न सोडवला. 0.4. अल्टरनेटर सोडवला, तरी तेच. संध्याकाळ झाली, आणि नेहमीप्रमाणे सातच्या सुमारास आमच्या भागातली लाइट गेली. शेडमध्ये मिट्ट काळोख. मी मोबाइल चाचपत होतो तर उस्ताद म्हणाले, “थांबा. टॉर्च नका लावू.”

काचेच्या वर, झालरीच्या मागे, सप्तशृंगीच्या तसबिरीच्या पाठीमागून लालसर उजेड झिरपत होता. दिवसा तो दिसणं शक्यच नव्हतं.

तसबीर उतरवली. मागे पाच वॅटचा लाल बल्ब, त्याची वायर छतातून, खांबातून, पत्र्याच्या आतून खाली आलेली. फ्यूज नाही, बटण नाही. नवा हार्नेस ओढताना ती पत्र्याच्या आत राहिली होती आणि अँपिअरमीटरच्या दोन जाड वायरी एका बोल्टनं जोडल्या तेव्हा तिचं टोकही त्या बोल्टखाली गेलं होतं. पाच वॅट म्हणजे दिवसाला 120 वॅट-तास. 12 व्होल्टची 120 अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर बारा दिवसांत रिकामी. रोज मुंबई गाठणाऱ्या गाडीला याचा पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

उस्ताद उठले, भंगाराचा डबा पालथा केला आणि अँपिअरमीटर हातात घेऊन मोबाइलच्या उजेडात धरला. काटा बरोबर शून्यावर होता. मध्यावर, जराही इकडे-तिकडे नाही. वाकला-बिकला नव्हता तो. बसल्या जागेवरून दिवस-रात्र सांगत होता, केसभर जातंय, केसभर जातंय.

मी आईला हाक मारली. ती कंदील घेऊन आली, वायर बघून तिला काहीच नवल वाटलं नाही.

“तो दिवा यांनी थेट जोडलाय. घाटात गाडी बंद पडली तरी देवीपुढे अंधार नको म्हणून. दिवाळीत मीच तर बल्ब बदलला.”

“आई, आठ महिने आम्ही बॅटऱ्या बदलतोय!”

“मला कुणी विचारलंत का?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. उस्ताद म्हणाले, किल्लीवर घेऊ या, गाडी सुरू तर दिवा सुरू. आईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी किल्लीचा विषय परत काढला नाही. दुसऱ्या दिवशी येताना अर्ध्या वॅटचा लाल एलईडी घेऊन आले. तो जळत राहिला तरी बॅटरी चार महिने पुरेल, आणि मी रविवार चुकवला नाही तर प्रश्नच नाही.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्यांनी मार्करनं नावं लिहून दिली आहेत. हेडलाइट, हॉर्न, वायपर, मीटर. पाचवा फ्यूज सगळ्यात लहान, दोन अँपिअरचा. त्याच्यासमोर लिहिलंय: देवी, थेट.