प्रार्थना आटली तेव्हा

आई वारली त्याला चार महिने झाले होते. साताऱ्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेतील मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना मीच करत असे, आजाऱ्यांची नावे वाचत असे. घरी आल्यावर मात्र देवाशी बोलायला माझ्याजवळ एक शब्दही उरत नसे. आईच्या आजारपणात अकरा महिने मी रोज पहाटे गुडघे टेकले होते. त्या प्रार्थनेचे काय झाले, हे कोणाला विचारावे तेच कळत नव्हते.

प्रथम मी एका प्रार्थनासभेला गेलो. तेथील वक्त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घरातील कोणाच्या तरी गुप्त पापामुळे आई गेली, असे प्रभूने आपल्याला दाखवल्याचे सांगितले. त्यानंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही. जो आपल्याला ओळखत नाही, आपले काही ऐकून घेत नाही आणि तरीही देवाच्या नावाने निर्वाळा देतो, त्याचे म्हणणे पारखल्याशिवाय स्वीकारू नये, असे आज मी ठामपणे म्हणेन. जन्मांध माणसाला पाहून ‘पाप कोणाचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने तो हिशेबच नाकारला होता (बायबल, योहानाचे शुभवर्तमान, अध्याय 9). पण त्या वेळी ते मला आठवले नाही.

अखेर मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांना सगळे सांगितले. त्यांनी मला मंडळीतील एका निवृत्त शिक्षिकेकडे पाठवले. त्यांना सगळे बाईच म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट केले की महिन्यातून एकदा, एक तास बसायचे, पैशांचा विषय काढायचा नाही, आणि येथले बोलणे येथेच राहील. “झोपेचे मात्र आधी डॉक्टरांना दाखवा,” असेही त्या म्हणाल्या. मी नमस्काराला वाकलो, तर त्यांनी थांबवले. “मी गुरू नाही. वाट दाखवणारा पवित्र आत्मा आहे. मी तुमच्याबरोबर ऐकायला बसते, एवढेच.” मग त्यांनी बायबलमधील वृद्ध याजक एली आणि त्याच्याजवळ राहणारा मुलगा शमुवेल यांची गोष्ट काढली. देवाची हाक शमुवेलाला ऐकू आली, एलीला नाही. परंतु ती हाक कोणाची, हे एलीने ओळखले, आणि तेही तिसऱ्या खेपेला.

दर भेटीची सुरुवात त्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग हळू आवाजात म्हणून करत आणि मग दहा मिनिटे आम्ही गप्प बसत असू. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ टिळकांनी 1917 साली याच साताऱ्यात मांडला होता, याचे बाईंना फार अप्रूप आहे.

घरी करायला त्यांनी एकच गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवायचा, कृतज्ञता कोठे वाटली आणि मन देवापासून कोठे दूर गेले ते पाहायचे. मी ते वहीत लिहू लागलो, पण माझी वाक्ये उपासनेतल्यासारखीच गुळगुळीत होती. बाई वही वाचत आणि विचारत, “हे तुम्हाला वाटले, की वाटायला हवे होते?” पहिले तीन महिने मला या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही.

चौथ्या भेटीत त्यांनी माझ्याकडून बायबलमधील स्तोत्र 88 मोठ्याने वाचून घेतले. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते. मी सांत्वनाच्या वचनाची वाट पाहत राहिलो. बाई एवढेच म्हणाल्या, “हीसुद्धा प्रार्थनाच आहे, आणि ती पवित्र शास्त्रात राहू दिली आहे.” त्या रात्री, त्या अकरा महिन्यांबद्दल मला देवाचा राग आला आहे, हे मी प्रथमच देवाला सांगितले. उत्तर मिळाले नाही, अजूनही मिळालेले नाही. पण त्या रात्रीपासून आमचे बोलणे तुटलेले नाही.

गेल्या महिन्यात उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. पाळकसाहेबांच्या संमतीने मी तेच स्तोत्र वाचले आणि शेवटी धीराचे एकही वाक्य स्वतःहून जोडले नाही. उपासना संपल्यावर नुकताच मुलगा गमावलेल्या एक आजी दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी स्तोत्राचा आकडा विचारला आणि तो बायबलच्या कोऱ्या पानावर माझ्याकडून लिहून घेतला.