नागपूरच्या उन्हात रूळ वाकत का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अजनीत सकाळी फिरायला येणारी मंडळी असोत की माझ्या भाच्याची शाळकरी मुलगी, प्रश्न एकच असतो: "पूर्वी दोन रुळांमध्ये फट असायची. लोखंड उन्हात फुगतं म्हणून ती ठेवतात, असं पुस्तकात होतं. आता फट दिसतच नाही. मग आपल्या इथल्या मे महिन्यात रूळ वाकत कसे नाहीत?" बत्तीस वर्षं रेल्वेत रुळांच्या कामात गेली, त्यामुळे या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देणं माझ्या जिवावर येतं.

पुस्तकातलं खरंच होतं. 13 मीटरचा रूळ 40 अंशांनी तापला की सुमारे 6 मिलिमीटर वाढतो. तेवढी जागा सोडून दोन टोकं फिशप्लेटने, म्हणजे बोल्टने आवळलेल्या पोलादी पट्टीने, जोडायची. गाडीचा तो ठेका तिथूनच यायचा, आणि लोकांना तो अजून आठवतो. आम्हाला मात्र तो आवाज म्हणजे मार वाटायचा. प्रत्येक चाक रुळाच्या टोकावर आदळायचं, टोक चेपायचं, रुळाखालचा आडवा आधार, म्हणजे स्लीपर, खचायचा, बोल्टच्या भोकापासून तडा सुरू व्हायचा. रूळ सांभाळणाऱ्या गँगची निम्मी मेहनत त्या जोडांवरच खर्च व्हायची. म्हणून रूळ एकमेकांना वेल्ड करून किलोमीटरच्या किलोमीटर सलग केले.

आता हिशेब करा. एक किलोमीटरचा मोकळा रूळ 40 अंशांनी तापला तर 46 सेंटिमीटर वाढेल. हे 46 सेंटिमीटर जातात कुठे? कुठेच जात नाहीत. रूळ वाढायला बघतो आणि आपण त्याला वाढू देत नाही. फक्त दोन्ही टोकांची शंभरेक मीटर लांबी थोडी मागेपुढे सरकते. तिथे सरकता सांधा बसवलेला असतो. मधला रूळ जागचा हलत नाही. जी वाढ झाली नाही, ती त्याच्या अंगात दाब होऊन बसते. 60 किलोच्या रुळात, म्हणजे ज्याचं एक मीटर 60 किलो भरतं त्यात, तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे 1.9 टन. रूळ एक किलोमीटरचा असो की दहा, हा आकडा तोच.

यातली खरी कारागिरी म्हणजे शून्य कुठे ठेवायचं ते. रूळ कोणत्या तापमानाला अगदी निवांत असावा, त्याच्या अंगात ना दाब ना ताण, ते आधी ठरवतात. आमच्याकडे ते चाळिशीच्या आसपास असायचं. मग ब्लॉक घेऊन, म्हणजे काही वेळ गाड्या थांबवून, रूळ स्लीपरला धरणाऱ्या सगळ्या क्लिपा काढायच्या, रूळ उचलून रोलरवर ठेवायचा, लाकडी हातोड्यांनी ठोकत जायचं, म्हणजे त्यात अडकलेला जोर मोकळा होतो. थंड वेळ असेल तर टेन्सर, म्हणजे रूळ ताणायचं यंत्र, लावून हिशेबाइतका ओढायचा, वेल्ड करायचा, पुन्हा क्लिपा ठोकायच्या. अशा कामाच्या रात्री हातोड्यांचा आवाज लांबवर जायचा. तो मला अजून ऐकू येतो.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. हवा 45 अंश, रूळ 65. निवांत तापमानापेक्षा 25 अंश वर, म्हणजे एका रुळात 47 टनांहून जास्त दाब. दोन्हींचा मिळून 95 टनांच्या घरात. ही पटरी बाजूला फुटू नये म्हणून तिला धरतं कोण? अडीचशे किलोंहून जड सिमेंटचे स्लीपर आहेत, क्लिपा आहेत. पण त्या स्लीपरलाही धरून ठेवते ती गिट्टी. आपली सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, त्याच जातीचा दगड फोडून केलेली. तिचे कोपरे धारदार हवेत, म्हणजे खडे एकमेकांत अडकतात. स्लीपरच्या दोन्ही टोकांबाहेर तिचा उंचवटा असतो, त्याला आम्ही शोल्डर म्हणतो. बाहेरून बघणाऱ्याला ती उरलेली खडी वाटते. माझ्या मते उन्हाळ्यात पटरीचा जीव त्या उंचवट्यात असतो.

म्हणूनच उन्हात गिट्टीला हात लावायचा नाही. स्लीपरखाली खडी ठासून पॅकिंग केलं, खडी चाळली, की तिची पकड सुटते आणि बऱ्याच गाड्या जाऊन गेल्यावरच पुन्हा बसते. तोवर वेगाला लगाम. "गाडी मोकळ्या रानात उगाच रेंगाळते" असं तुम्ही म्हणता तेव्हा पुष्कळदा हेच कारण असतं.

एक दुपार सांगतो. एका वस्तीजवळ लोकांनी पटरी ओलांडायची पायवाट केली होती. रोजच्या पायांनी शोल्डर घसरून खाली आलं होतं. रूळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापला की गस्त सुरू होते. तशीच ती सुरू होती. गस्तीवाल्याला लांबून पटरी नागमोडी दिसली. आधी त्याला उन्हाची झळ वाटली. जवळ गेला तर नेमकी पायवाटेपाशी ती बाजूला सरकलेली. तो लाल झेंडी घेऊन पळत सुटला. चाक वरून गेलं की वाजून चालकाला सावध करणारे फटाके त्याने रुळावर लावले: 600 मीटरवर एक, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. गाडी थांबली. मी पोचलो तेव्हा तो स्लीपरच्या टोकाशी बसून होता आणि हातातली झेंडी त्याने सोडली नव्हती. आम्ही रुळावर ओली पोती टाकली, पाणी ओतत राहिलो, संध्याकाळी पटरी सरळ केली आणि रात्री रूळ कापून पुन्हा निवांत केला. मी त्याला पाणी दिलं तर आधी म्हणाला, "साहेब, गाडी थांबली ना?"

जानेवारीत सगळं उलटं. रूळ आखडायला बघतो, अंगात ताण येतो, कच्चं वेल्ड पहाटे उघडतं. तेव्हा गस्त रात्री असते, कंदिलाऐवजी आता टॉर्च.

ती पायवाट मी विसरलेलो नाही. कॉलनीमागे परवा तसंच दिसलं: पाच-सहा स्लीपरांच्या टोकाची गिट्टी उताराला आलेली, स्लीपरची टोकं उघडी. मी रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर कळवलं. तुमच्याही घरामागे स्लीपरची टोकं उघडी दिसली तर कळवा, आणि कळवताना जवळच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. मुकादमाला नेमकी जागा सापडते.