गुणगुणता न येणारी गाणी

आपल्याकडे गाणं आवडलं याची खूण म्हणजे ते तोंडात बसणं. कार्यक्रमाहून परतताना रिक्षात, दुसऱ्या दिवशी कुकर लावताना, कपडे वाळत घालताना ते आपसूक ओठांवर येतं. पेटी-तबला तिकडेच राहतात, चाल मात्र अख्खी घरी येते. भावगीत असो की अभंग, एका गळ्यात मावेल असंच ते बांधलेलं असतं. म्हणून ‘फ्लीट फॉक्सेस’ या बँडचा पहिला अल्बम ऐकल्यावर माझी पंचाईत झाली. गाणी आवडली, पुन्हा पुन्हा ऐकली, पण गुणगुणायला गेले की हाती काही लागेना. एक ओळ धरावी तर बाकीच्या सुटतात, आणि त्यांच्याशिवाय ही धरलेली ओळ अगदीच साधी, बालवाडीतल्या गाण्यासारखी वाटते.

अल्बम अमेरिकेतल्या सिअॅटलचा, जून २००८ मधला. नाव बँडचंच. गाणी लिहिणारा आणि मुख्य गायक रॉबिन पेक्नोल्ड तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. शाळेतल्या मित्राबरोबर त्याने बँड काढला तेव्हा त्याचं नाव ‘पाइनॅपल्स’ होतं; तिथे त्याच नावाचा दुसरा बँड निघाला म्हणून बदलावं लागलं. बरंच झालं. अननसांकडून इतकी गंभीर गाणी कुणी ऐकून घेतली नसती. निर्माता फिल एक हा मुरलेला माणूस, पण स्टुडिओच्या भाड्याला पैसे अपुरे. त्यामुळे बरंचसं रेकॉर्डिंग पोरांच्या राहत्या खोल्यांत आणि पेक्नोल्डच्या आईवडिलांच्या तळघरात झालं. ऐकताना तळघर कुठेच जाणवत नाही. आवाजांना इतका घुमारा दिलाय की आपण एखाद्या दगडी चर्चमध्ये बसलोय असं वाटावं. (माझ्या मते जरा जास्तच दिलाय. काही ठिकाणी शब्द पार धुक्यात जातात.)

त्यातलं ‘व्हाइट विंटर हिम्नल’ घ्या. उणंपुरं अडीच मिनिटांचं गाणं. सुरुवातीला वाद्य नाहीच. एक आवाज ओळीचे पहिले तीन-चार शब्द म्हणतो आणि पुन्हा तेच म्हणतो. त्याचं संपायच्या आत दुसरा आवाज तेच शब्द घेऊन आत शिरतो, मग तिसरा. कोण आधी आला नि कोण मागून, याचा हिशेब सुटला की अचानक ढोल वाजतो आणि सगळे एकदम त्या ओळीचा पुढचा भाग गायला लागतात. कडवं एकच, तेच तीनदा. त्यात जाड कोटांत बुडालेली, गळ्याला लाल मफलर बांधलेली मुलांची टोळी आहे, एकजण बर्फात पडतो, आणि पांढरा बर्फ स्ट्रॉबेरीसारखा लाल होतो. इतकं भयंकर इतक्या गोड सुरात! पेंटाटॉनिक्स या वाद्यांशिवाय गाणाऱ्या पाच जणांच्या गटाने २०१४ मध्ये ते आपल्या नाताळच्या अल्बममध्ये घेतलं, आणि आता ते चक्क नाताळचं गाणं म्हणून वाजतं. गाण्यात नाताळाचा उल्लेखसुद्धा नाही. बर्फ असला की पुरे, बहुतेक. त्यांचं गाणं अचूक आहे, पण माझं मन मूळच्या गाण्याकडेच ओढ घेतं. तिथे आवाजांच्या कडा एकमेकांना थोड्या घासतात.

आपल्या कानाला हे, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाणं, परकं असायला हवं. पण तानपुरा नीट जुळला की त्यातून एक गांधार ऐकू येतो. तार लावलेली असते पंचमाची आणि षड्जाची. गांधाराची तार नसतेच. षड्जाच्या तारेतच तो पाचव्या स्वरांशाच्या (मूळ स्वरासोबत त्याच तारेतून उमटणाऱ्या वरच्या सुराच्या) रूपाने दडलेला असतो आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेला आणलेला झंकार, चांगली असली की वर येतो. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आपण तो असा न छेडता मिळतो यातच आनंद मानतो आणि त्याच्या अंगणात एकट्याचं गाणं मांडतो. हे बँडवाले तो गांधार एका माणसाला गायला देतात, पंचम दुसऱ्याला, षड्ज तिसऱ्याला. सामग्री तीच. ‘हर्ड देम स्टरिंग’ या गाण्यात तर शब्दही नाहीत, निव्वळ आकार-उकार, एकावर एक चढवलेले. ते ऐकताना तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसल्याचा भास मला प्रत्येक वेळी होतो.

हे या पोरांनी हवेतून आणलेलं नाही. १८४४ साली छापलेल्या ‘सेक्रेड हार्प’ या भजनसंग्रहावरून गायची रीत अमेरिकेच्या दक्षिणेकडे अजून चालू आहे, आणि या अल्बममधले काही सूर थेट त्या वाटेने आल्यासारखे वाटतात. तिथे गाणारे चौकोनात, एकमेकांकडे तोंड करून बसतात; प्रत्येक बाजूला एक आवाजपट्टी. स्वर त्रिकोण, गोल, चौकोन आणि शंकरपाळ्यासारखी चौकट अशा आकारांनी लिहिलेले. आधी सगळे स्वरांची नावं गातात, म्हणजे आपली सरगमच, आणि मग शब्द. मुख्य चाल सगळ्यांत वरच्या आवाजाकडे नसते, ती टेनर या मधल्या आवाजपट्टीत दडलेली असते. श्रोत्यांसाठी मुद्दाम मांडलेल्या खुर्च्या नसतात, कारण गाणं गाणाऱ्यांसाठीच असतं.

इतकं लांब जायलाही नको. गोव्यातल्या मांडो या गीतप्रकारात दोन आवाज एकमेकांपासून गांधाराएवढं अंतर राखून चालतात, सोबत व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. कोकणीत विरहाचं गाणं आणि तेही जोडीने. आपण मात्र गोव्याला जातो ते समुद्र बघायला आणि मासे खायला.

अल्बमच्या मुखपृष्ठावर पीटर ब्रॉयगलचं १५५९ सालचं चित्र आहे. एका गावात शंभराहून जास्त म्हणी माणसांच्या रूपाने चालल्या आहेत. कुणी भिंतीवर डोकं आपटतोय, कुणी डुकरापुढे गुलाब टाकतोय, कुणी वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवतोय (वरातीमागून घोडं तिकडेही निघतं). चित्राला नायक नाही. नजर कुठेही टेकवा, तिथे कुणीतरी आपल्या कामात गढलेलं असतं. मुखपृष्ठ निवडणाऱ्याला गाणी नीट कळली होती.

आपल्या आरतीतही खूप आवाज असतात, पण चाल एकच. काका खर्जात, मावशी टीपेला, लहान मुलं फक्त ‘जय देव’ला. वेगवेगळे स्वर लागतात ते पट्टी न जुळल्यामुळे, आणि ते झांजेखाली झाकले जातात. गेल्या गणपतीत मात्र न्यू जर्सीचा मामेभाऊ व्हिडिओ कॉलवरून आरतीला होता. त्याचा आवाज आमच्यापर्यंत अर्धी ओळ उशिरा येत होता. आम्ही ‘वार्ता विघ्नाची’वर पोचलो की तिकडून ‘सुखकर्ता दुखहर्ता’ यायचं, आणि दोन्ही आवाज मधेच कुठेतरी असे चपखल बसायचे की टाळी द्यायची विसरून मी ऐकतच राहिले. दुसऱ्या कडव्याला आईने वैतागून त्याला म्यूट केलं.