खोलीच्या भिंतींना मोरपंखी की मोतिया?

शेडकार्डावर दोन्ही देखणे. पण घरच्यांनी पॅच मारले होते ते जुन्या पिवळट भिंतीवर, एकमेकांना चिकटून. अशा पॅचवरून मी मत देत नाही. गडदाला खेटून फिका जास्तच पांढरा भासतो आणि फिक्याला खेटून गडद जवळजवळ काळा.

म्हणून दोन फूट चौरस बोर्ड केले. प्रायमरचा एक हात, रोलरने रंगाचे दोन हात, मध्ये चार तास वाळवण. कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडली, म्हणजे मागच्या भिंतीचा पिवळेपणा नजरेत घुसत नाही. मग एका वेळी एकच बोर्ड, भिंतीला उभा टेकवून.

खोलीत थेट ऊन नव्हतं. मोतिया खिडकीसमोर प्रसन्न, पण खिडकीच्याच भिंतीवर मळकट. तिथे उजेड पोचतच नाही. खाली फरशीजवळ नेला तर तांबड्या फरशीची गुलाबी झाक चढली. सगळ्या भिंती मोतिया करायच्या, तर ही झाक कायमची.

दिवे लागले आणि मोरपंखीचा बोर्ड बघून घरातल्या ताई म्हणाल्या, "दादा, हा हिरवा कसा झाला?" दिवा 2700 केल्विनचा, पिवळा. त्यात निळा अंश कमी, त्यामुळे मोरपंखीतली निळाईच विझली. 4000 केल्विनचा, जास्त पांढरा दिवा लावला तशी परत आली. आधी दिवे ठरवा, मग रंग, हे माझं जुनं तुणतुणं.

शेवटी मोरपंखी फक्त खिडकीसमोरच्या भिंतीवर घेतला. खिडकीच्या भिंतीवर गडद रंग उजेडाच्या चौकटीभोवती डोळ्यांना खुपतो, आणि बाजूच्या भिंतीवर तिरपा उजेड पुट्टीचे सगळे उंचवटे दाखवतो. समोरून पडणारा उजेड ते झाकून घेतो.

भिंत 12 बाय 10 फूट, म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. लिटरमागे एका हाताला 10 ते 12 चौरस मीटर धरले तर दोन हातांना दोनेक लिटर. गडद रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगछटा मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरं रंगद्रव्य नसल्यातच जमा, त्यामुळे खालचं झाकायला त्रास होतो. प्रायमर करड्या छटेचा घेतला, नाहीतर तिसरा हात ठरलेला. डबे एका बादलीत एकत्र ढवळून घेतले, कारण दोन डब्यांच्या छटेमध्ये बारीक फरक पडू शकतो. फिनिश अगदी मॅट, म्हणजे बिनचमकीचं नको, लो शीन, म्हणजे मंद चमकीचं. गडद मॅटवर हात घासला की चकाकणारा डाग पडतो. तो नुसता टचअपने जात नाही, भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा मारावी लागते.