नव्या बोटीची कुरकुर

दिवस पहिला, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. डोक्यावर छतात कुठेतरी टिक टिक टिक चाललंय, जरा थांबतं, वाटतं संपलं एकदाचं, की परत टिक. ताई मात्र गाढ झोपलीये, तिला आयुष्यात कुठल्याच आवाजाने जाग आलेली नाही.

तर चढलो एकदाचे क्रूझच्या बोटीवर. रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरात दुपारी दोनला बोट समोर दिसली आणि ताई म्हणाली, अगं ही लहानच आहे की! तिच्या डोक्यात ती आयकॉन ऑफ द सीज होती, 2024 च्या जानेवारीत सुरू झालेली, 20 डेकची, पूर्ण भरली तर 7600 प्रवासी मावणारी, म्हणजे एक अख्खं गाव. आमची त्याच्यासमोर वाडी. सातशेच्या आसपास प्रवासी आणि दिमतीला जवळपास तेवढीच माणसं, लक्झरी लक्झरी म्हणतात ती मुळात ही, की रांग नाही. खरंच कुठेच रांग नव्हती. पण रस्ताही नव्हता! म्हणजे पाट्याच लागलेल्या नाहीत अजून. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे हे आम्हाला माहीत नाही ते ठीक, पण गणवेशातल्या मुलीला विचारलं तर तिने खिशातून चार घड्या घातलेला नकाशा काढला. म्हणाली, मॅडम मीही तीन आठवडेच झाले आलेय, थांबा हं. मग तिघी मिळून शोधत गेलो.

सगळीकडे नव्या गालिच्याचा आणि गोंदाचा वास. लिफ्टच्या पितळी पट्टीवर ते निळसर प्लॅस्टिक तसंच होतं, ताईने इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातून धरून सर्रकन सोलून काढलं. काय तो आनंद तिच्या चेहऱ्यावर, क्रूझचे पैसे तिथेच वसूल.

केबिनमध्ये पोचतोय तोवर बटलर हजर, तुमच्या बॅगा उघडून कपडे लावून देऊ का. ताईने असं बघितलं की बिचारा दोन पावलं मागे सरकला. परका माणूस माझे कपडे हाताळणार? नको नको नको. आणि तो गेल्या गेल्या, परत आला तर काय, म्हणून आम्ही दोघींनी पाच मिनिटांत दोन्ही बॅगा रिकाम्या केल्या, एरवी चार दिवस बॅगेतूनच कपडे उपसतो आम्ही.

बोट सुटायच्या आधी ड्रिल झालं, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम. सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो ऐकू आला की हातातलं टाकून आपल्या ठरलेल्या जागी जायचं. बरेच जण कंटाळून मोबाईल बघत होते. पूर्वी हे ड्रिल बोट सुटल्यानंतर 24 तासांत कधीही घेतलेलं चालायचं. 2012 च्या जानेवारीत कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्याच किनाऱ्याजवळ खडकाला घासून कलंडली, 32 माणसं गेली, आणि त्यातल्या त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं. त्यानंतर नियम बदलला. तीही याच बंदरातून निघाली होती. ताईला हे सांगितलं नाही. मी मात्र आमच्या केबिनपासून जिन्यापर्यंतची दारं मोजून ठेवलीत, अकरा.

टिक. परत सुरू.

दिवस दुसरा (आता खरं तर तिसरा लागलाय, रात्रीचे दीड)

आधी सकाळचं. केबिनमध्ये एकही साधं बटण नाही. दिवे, पडदे, एसी सगळं पलंगाजवळच्या टॅबलेटवर. पहाटे तीनला मी पाणी प्यायला एक दिवा लावायला गेले तर पडदे थाटात उघडायला लागले, टीव्ही सुरू झाला आणि कॅप्टनच्या स्वागताचं भाषण. ताई तेव्हा मात्र उठली! सकाळी केबिन साफ करणाऱ्या मुलाला सांगितलं तर तो हसला, म्हणाला माझ्याकडच्या चौदाही केबिनमध्ये हेच झालंय. टिकटिकीचंही सांगितलं. तो खुर्चीवर चढला, कान लावला, छताच्या दोन पट्ट्यांच्या जोडावर बोट ठेवलं आणि आवाज बंद. बोट काढलं, टिक. म्हणाला नवीन बोट आहे, सगळं अजून बसतंय जागेवर, टेक्निशियन पाठवतो.

हे 'बसतंय' मला फार आवडलं. कारण कालपासून मी जरा चिडलेच होते. एवढे पैसे भरून नव्याकोऱ्या बोटीवर यायचं आणि गरम पाण्याच्या कुंडात पाणी नाही, स्पाच्या दाराशी कागद चिकटवलेला, कॉरिडॉरमध्ये कारखान्याचे ओव्हरऑल घातलेले लोक शिडी घेऊन फिरतायत. बोट ताब्यात दिल्यावरही ती बांधणाऱ्या कारखान्याचे काही कामगार सुरुवातीच्या सफरींना सोबत असतात म्हणे, उरलेसुरले काम उरकायला. आपण नवीन म्हणजे निर्दोष असं धरून चालतो. नवीन म्हणजे खरं तर अजून कुणी वापरून न बघितलेलं, वापरून बघायला आपल्यालाच बोलावलेलं असतं, तेही आपल्याच खर्चाने.

पण मी लिहायला बसलेय ते रात्रीसाठी. कॅप्टनने दुपारी सांगितलं की रात्री अकराच्या सुमाराला स्ट्रॉम्बोलीजवळून जाऊ, वेग कमी करू, वरच्या डेकचे दिवे घालवू म्हणजे ज्वालामुखी नीट दिसेल. समुद्रातून सरळ वर आलेला 924 मीटरचा डोंगर, आणि तो काही कधीतरी फुटणारा ज्वालामुखी नाही, दोन हजार वर्षांवर झाली, हा थोड्या थोड्या वेळाने ठिणग्या उडवतोच आहे. जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणायचे.

साडेदहाला सगळे वर. शाली गुंडाळून, कुणी कॅमेऱ्याचे स्टँड लावून. अकरा वाजले, समोर काळ्यावर काळा त्रिकोण दिसायला लागला आणि दिवे काही जाईनात. स्विमिंग पूल भगभगीत निळा. एक ऑफिसर भिंतीवरच्या स्क्रीनशी झटतोय. त्याने काहीतरी दाबलं, पूल गुलाबी झाला. परत दाबलं, जांभळा. मग त्या पूलने सगळे रंग एकामागोमाग एक दाखवायला सुरुवात केली आणि कुठूनतरी डान्सचं संगीत पण सुरू झालं, हळू आवाजात. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, अहो बल्ब काढा! सगळे हसायला लागले. तोवर बोट डोंगराच्या निम्म्यावर आलेली, त्या ऑफिसरच्या मानेवरचा घाम मला इथून दिसत होता, शेवटी ओव्हरऑलवाला एक कामगार डुलत डुलत आला, कोपऱ्यातलं एक फळीसारखं झाकण उघडलं, आत हात घातला आणि खट्.

अंधार. म्हणजे खरा अंधार, शेजारची ताई दिसेना एवढा. पाचसहा मिनिटं काही नाही, फक्त पाण्याचा आवाज. आणि मग वर टोकाला लाल कारंजं उडालं, आवाज न करता, आणि दगड लालबुंद होऊन उतारावरून घरंगळताना दिसले, आणि मग काही सेकंदांनी तो आवाज आला, ढगाने पोटातल्या पोटात गुरगुरावं तसा. कुणी बोललं नाही. ताईने माझा हात धरला होता तो केबिनमध्ये येईपर्यंत सोडला नाही.

दिवे गेले असते पटकन तर आम्ही सगळे आपापल्या जागी फोटो काढत उभे राहिलो असतो. त्या गोंधळात सातशे अनोळखी लोकांची ओळख झाली.

दिवस चौथा

काल काही लिहिलं नाही, इटली आणि सिसिलीमधली मेसिनाची सामुद्रधुनी बघायला पहाटे उठले होते, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 3 किलोमीटर, दोन्हीकडे माणसांचे दिवे. मग दिवसभर झोपले.

आज वॅलेटा, माल्टाची राजधानी. गंमत म्हणजे आमच्या बोटीच्या मागे नावाखाली वॅलेटा असंच लिहिलंय, नोंदणी माल्टाची म्हणून. ज्या गावाचं नाव पाठीवर घेऊन फिरते त्या गावात ती पहिल्यांदाच आली. सकाळी पायलट आला, म्हणजे बंदराचा वाटाड्या, छोटी बोट चालत्या बोटीला चिकटली आणि हा माणूस दोरीच्या शिडीने आमच्या पोटातल्या दारात चढला, एवढी टचस्क्रीनं आहेत पण ते काम शिडीनेच. ग्रँड हार्बरमध्ये दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाचे किल्ले, आणि दुपारी बरोबर बाराला वरून तोफ उडाली. ताईला वाटलं आपल्यासाठी. रोज उडते. सांगितलं नाही.

टेक्निशियन आला होता. बोट धक्क्याला उभी, छत गप्प. अर्धा तास वाट बघून गेला. डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसं.

दिवस पाचवा

आज बेट होतं, पण झालं नाही. बोट बाहेर नांगरून छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर न्यायचं असतं, लाटा मोठ्या होत्या, कॅप्टनने सकाळी सातलाच रद्द केलं. सरळ सांगितलं, टेंडरमध्ये चढताना एकाचाही पाय सटकायला नको. मला आवडलं. ब्रेकफास्टला मात्र काही जण भांडत होते की आम्ही भरपाई मागणार. समुद्राकडे मागा म्हणावं.

नंतर हलायला लागली. बोटीला पाण्याखाली दोन्हीकडे माशासारखे पर असतात, स्टॅबिलायझर, ते बाहेर काढले की कुशीवर डुलणं कमी होतं. पण पुढून मागे जे वरखाली होतं त्याला ते काही करू शकत नाहीत. आणि आम्ही हौसेने केबिन घेतली कुठली, तर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे, व्ह्यू चांगला म्हणून. म्हणजे सी-सॉच्या टोकावर. खालची मधली केबिन घ्यायची असते, ज्याला पोटाची काळजी आहे त्याने. ताई हिरवं सफरचंद हातात घेऊन क्षितिजाकडे बघत बसलीये, मी तिला दर पाच मिनिटांनी विचारतेय आणि ती दर पाच मिनिटांनी म्हणतेय बोलू नकोस.

आणि छत! आज टिक नाही, आज कुरकुर, करकर, टकटक सगळं. दुपारी तो केबिनचा मुलगा आला, ताईकडे बघितलं, छताकडे बघितलं. टेबलावर आजच्या कार्यक्रमाचा कागद पडला होता, जाड, मस्त छपाईचा, वर बेटाचं चित्र. म्हणाला मॅडम हा लागणार नाही ना आता? त्याची घडी, घडीची घडी, खुर्चीवर चढला आणि त्या दोन पट्ट्यांच्या फटीत अंगठ्याने दाबून पाचर मारली.

शांत. एकदम. दहा मिनिटांत ताई झोपली.

दिवस सहावा

ब्रिज, म्हणजे जिथून बोट चालवतात ती खोली, बघायला दहा-दहा जणांना नेलं. ताईने पहिला प्रश्न विचारला, सुकाणू कुठेय? सुकाणूच नाही! खाली पाण्यात दोन पॉड आहेत, पंख्यासकट पूर्ण गोल फिरतात, तेच ढकलतात आणि तेच वळवतात, आणि हे सगळं हातात मावेल अशा दांडीने. ताईचा हिरमोड झाला. मग तिने वजन विचारलं. ब्रोशरमध्ये हजारोंनी टन लिहिलेत ते वजन नव्हेच, बोटीच्या आतल्या जागेचं माप आहे, असं ऑफिसर म्हणाली. म्हणजे इतकी वर्षं आपण बोटींची वजनं म्हणून जे सांगतोय ते... असो.

एक गोष्ट त्या ऑफिसरने छान सांगितली. बोट बांधताना डोलकाठीखाली नाणं पुरायची जुनी पद्धत आहे, आमच्या बोटीतही आहे, वरून वेल्ड केलेलं. दिसत नाही. आता या टचस्क्रीनवाल्यांनीही ते केलं म्हटल्यावर मला त्यांचा राग येणं बंद झालं.

आज लक्षात आलं, कुणीच नकाशा काढत नाहीये खिशातून. सगळे भराभर चालतात. लिफ्टजवळ पाट्या लागल्या. कुंडात पाणी आलं, आम्ही डुंबून पण आलो. पितळी दांड्यावर आमच्या डेकवर बोटांचे ठसे साचलेत.

जेवणाबद्दल काहीच लिहिलं नाही मी. उत्तम होतं. खूप होतं.

शेवटचा दिवस, सकाळी सव्वासात

बॅगा रात्रीच बाहेर ठेवल्या, फक्त हातातली पिशवी उरलीये. नऊपर्यंत केबिन सोडायची, दुपारी दुसरे लोक याच पलंगावर. त्या मुलाला मध्ये तीन-चार तास, चौदा केबिन. रात्री त्याला विचारलं कंटाळा नाही येत, तर म्हणाला पुढच्या आठवड्यात निदान टॅबलेट कसा बंद करायचा ते मला माहीत असेल.

ताई बाथरूममध्ये आहे, ते व्हॅक्यूमचं टॉयलेट शेवटचं एकदा खाड्कन ओढून घाबरून ओरडली आत्ताच. सात दिवस झाले तरी सवय नाही.

मी खुर्चीवर चढून बघितलं. पाचर आहे तिथेच, घट्ट. बोटाने चाचपली, कडेला बेटाच्या चित्राचा निळा कोपरा दिसतोय जेमतेम. ताई बाहेर येऊन म्हणाली काय करतेस वर, ती कागदाची घडी काढून टाक ना, घाण दिसते.

नाही काढली.